थांबलेला हाका

आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर काळविटाची शिंगं होती. पिळदार, हातभर लांब, लाकडी पाटीवर बसवलेली. एका शिंगाला बडे अब्बांची, म्हणजे माझ्या आजोबांची टोपी अडकवलेली असे आणि दुसऱ्याला दादीची तसबीह. लहानपणी मला वाटायचं, शिंगं टोपी अडकवण्यासाठीच असतात. ती कधीकाळी एका पळत्या जिवाच्या डोक्यावर होती, हे फार उशिरा कळलं. आज मी बोलणार आहे ते त्या शिंगांविषयी, आणि त्यांच्या निमित्तानं हरणाच्या शिकारीविषयी.

आपण मराठीत चितळ, सांबर, काळवीट या सगळ्यांना सरसकट हरिण म्हणतो. पण त्यांच्यात फरक आहे. चितळ-सांबराच्या नराची शिंगं फांद्यांची असतात, गळतात आणि नव्यानं येतात. काळविटाची शिंगं एकदा आली की मरेपर्यंत राहतात. त्याला दाट जंगल लागत नाही, मोकळं माळरान लागतं. म्हणून नगर, सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातलं हरिण म्हणजे काळवीटच. संस्कृतात 'मृग' म्हणजे मुळात कोणताही वन्य पशू. त्याच्या मागे लागणं ती मृगया. 'शिकार' हा शब्द फारसीतून आला, 'पारध' आपल्याकडे आधीपासून होता. आणि मी गझल लिहितो, म्हणून एक शब्द माझ्या खास जवळचा. अरबीत गझाल म्हणजे हरिण. घायाळ हरणाचा हुंदका तीच गझल, असं मुशायऱ्यात नेहमी सांगितलं जातं. कोशात मात्र गझलेचा अर्थ प्रेमाचं संभाषण एवढाच दिलेला आहे. या हुंदक्याकडे मी नंतर येतो.

इतिहासात हरणाची मोठी शिकार मोगलांनी केली. अकबराच्या पदरी शेकडो चित्ते होते. समंद माणिक नावाच्या चित्त्याची मिरवणूक पालखीतून निघे आणि पुढे नगारा वाजे, असं अबुल फजलनं लिहून ठेवलं आहे. शिकारीचा आणखी एक प्रकार म्हणजे कमरगाह. हजारो हाकारे कोसच्या कोस वर्तुळ करून उभे राहायचे आणि दिवसेंदिवस ते आवळत आणायचे. आत सापडलेल्या जनावरांवर मग बादशहा तुटून पडायचा. १५७८ साली झेलम नदीकाठी भेऱ्याजवळ असाच हाका चालला होता. वर्तुळ जवळजवळ मिटलं होतं. तेवढ्यात अकबराच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं शिकार थांबवली. एका पाखराच्या पिसालाही कुणी हात लावू नये, असा हुकूम सुटला आणि सगळी जनावरं मोकळी झाली.

त्याचा मुलगा जहांगीर हिशेबी होता. पन्नाशीला आल्यावर त्यानं बाराव्या वर्षापासूनच्या शिकारीची मोजदाद करून घेतली. त्याच्यासमोर मारले गेलेले पशुपक्षी २८,५३२ आणि त्यातले त्यानं स्वतःच्या हातानं मारलेले १७,१६७. पण याच जहांगिरानं मनसराज नावाचं आपलं पाळीव हरिण मेल्यावर त्याची कबर बांधली आणि तिच्यावर हरणाच्या आकाराचा दगड बसवला. आज पाकिस्तानात असलेल्या शेखूपुऱ्याचा हिरन मिनार त्याचीच आठवण सांगतो. त्या माळावर हरिण मारायला त्यानं बंदी केली. बंदीची भाषा मोठी मजेशीर होती. इथल्या हरणाचं मांस हिंदूंनी गाईसारखं आणि मुसलमानांनी डुकरासारखं मानावं! दोन्ही समाजांना एका वाक्यात गप्प करणारा असा हुकूम नंतर क्वचितच निघाला असेल.

आपल्याकडे चित्त्याच्या शिकारीचं नाव घ्यायचं तर कोल्हापूर संस्थानचं. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीत बसवून माळावर न्यायचे. बैलगाडीला काळवीट बिचकत नाही, कारण ती त्याच्या रोजच्या पाहण्यातली. गाडी पुरेशी जवळ गेली की टोपी काढायची. पुढचा खेळ काही क्षणांचा. सावज पडलं की चित्तेवान धावत जाई आणि हरणाचं ताजं रक्त लाकडी पळीतून चित्त्याला पाजून त्याला बाजूला घेई. पुढे देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा आफ्रिकेतून आणवले गेले. १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजानं एकाच रात्री तीन चित्ते मारले. देशातल्या चित्त्यांची शेवटची पक्की नोंद म्हणून तीच सांगितली जाते. १९५२ साली भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले गेले, ते सत्तर वर्षांनी.

राजे गेले तरी शिकार गेली नाही, उलट स्वस्त झाली. महायुद्धानंतर लष्कराच्या जीपगाड्या विक्रीला निघाल्या. पिकांच्या राखणीसाठी बंदुकांचे परवाने मिळाले. माळावर जीप घालायची, प्रखर दिवा टाकायचा आणि दिपलेल्या कळपावर गोळी झाडायची. मुंबई राज्याचा १९५१ चा संरक्षण कायदा होता, पण रात्रीच्या माळावर तो विचारायला कोण येणार?

आमच्या बडे अब्बांची टोळी याच काळातली. पाटील, तालुक्याचे डॉक्टर, एक शाळामास्तर आणि बडे अब्बा. शनिवारी दुपारी निघायचं, रविवारी रात्री परतायचं. बायकामुलं बैलगाडीतून तलावापर्यंत जायची. तीन दगडांची चूल मांडायची, पाट्यावर मसाला वाटून ठेवायचा आणि बाया भाकरी थापत बंदुकीच्या आवाजाची वाट बघायच्या. पोरांना ती जत्रा वाटे. वाटाड्या म्हणून एक फासेपारधी असे. कळप कुठं आहे, वारा कुठला आहे, हे तोच सांगायचा. गोळी पाटील झाडत. बडे अब्बांचं काम वेगळं होतं. जनावर पडलं की सुरी घेऊन धावायचं आणि श्वास आहे तोवर 'बिस्मिल्लाह' म्हणून हलाल करायचं. नाहीतर आमच्या घरात ते मांस चालत नसे. पाटलांना कशीही चालायचं, पण दोस्ताला सोडून जेवायचं कसं, म्हणून सगळी मंडळी थांबायची.

आता यातली गोम बघा. गोळी झाडणारा दूर असतो. सुरीवाल्यालाच जवळ जावं लागतं. १९६५ च्या हिवाळ्यात बडे अब्बा असेच एका नराजवळ पोचले. बिस्मिल्लाह म्हटलं, पण हात खाली येईना. मागून सगळे ओरडत राहिले. तेवढ्यात हरिण मेलं. त्या रात्री आमच्याकडच्या मंडळींनी पिठलं-भाकरी खाल्ली आणि वाटलेला मसाला दादीनं तसाच परत आणला, हे ती हसत हसत सांगायची. "खाँसाहेब, हात लटपटला होय?" असं पाटलांनी विचारलं, तेव्हा बडे अब्बा म्हणाले, "ते ओरडत नव्हतं. नुसतं बघत होतं." हुंदक्याची कहाणी मुशायऱ्यात ऐकली की मला हे वाक्य आठवतं.

पुढच्या वर्षी ते बोटीनं हजला गेले. हजयात्रेत इहराम बांधला की जमिनीवरच्या जनावराची शिकार हराम असते. परत आल्यावर लोक म्हणाले, हाजी झाले म्हणून शिकार सोडली. दादीचं म्हणणं वेगळं होतं. हात आधी थांबला, हज नंतर झाली.

मग आलं १९७२. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं, शिकारीला पूर्ण बंदी आली. पाटलांनी बंदूक कपाटात ठेवली, डॉक्टरांनी पत्ते खेळायला घेतले. आमच्या टोळीची हौस गेली, एवढंच. त्या पारध्याचं मात्र पोटच गेलं. बैलाच्या आडून कळपाजवळ जाणं आणि फासे लावणं एवढंच त्याला बापजाद्यांकडून मिळालेलं. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पुढे पारध्यांनाही जन्मानं गुन्हेगार ठरवलं गेलं. १९५२ साली तो शिक्का कागदावर पुसला, पण लोकांच्या नजरेतून गेला नाही. बंदीनंतर काही वर्षांनी हा वाटाड्या एका हरणासह पकडला गेला. जामीन राहायला गावातून कुणी पुढे येईना, तेव्हा बडे अब्बा गेले. टोळीतल्या दोस्तांना ते पटलं नाही. बडे अब्बांचं उत्तर दादीनं मला सांगितलं होतं, "आपण डझनानं मारली ती हौस, त्यानं एक धरलं तो गुन्हा. वाट तर तोच दाखवायचा ना आपल्याला?"

कायदा चुकीचा होता, असं मी म्हणत नाही. तो झाला नसता तर माळावर आज एक शिंग दिसलं नसतं. पण हाका थांबवताना हाकाऱ्याचं काय करायचं, हे कुणी ठरवलं नाही. अकबरानंही ठरवलं नव्हतं.

२००३ साली अशा जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी सरकारनं मुदत दिली. अब्बांनी शिंगं उतरवली, कापडात गुंडाळली आणि वनखात्याकडे जमा केली. भिंतीवर पाटीच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला. बडे अब्बा तेव्हा हयात नव्हते, पण टोपी अजून होती. तिच्यासाठी अब्बांनी साधा खिळा ठोकला.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी, माझी मुलगी आणि पाटलांचा नातू डबे घेऊन रेहेकुरीला गेलो. कर्जत तालुक्यातलं हे काळविटांचं अभयारण्य १९८० साली झालं. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. उन्हं वर येताना एक काळा नर कळपापुढे उभा राहिला आणि आमच्याकडे बघू लागला. आम्हीही बघत राहिलो. परतीच्या वाटेवर एक शेतकरी भेटला. म्हणाला, "तुम्ही बघून जाता, हरभरा आमचा खातात." पाटलांचा नातू स्वतः शेती करतो. तो गाडीतून उतरला आणि त्याच्या बांधावर जाऊन बसला. आम्ही डबे तिथंच उघडले आणि नुकसानभरपाईचा अर्ज कसा करायचा, यावर ते दोघं बराच वेळ बोलत राहिले.