आधी पाच की आधी वीस?

दूरध्वनीवर कोणी क्रमांक सांगू लागले की माझा हात हमखास चुकतो. पलीकडून ‘पंचवीस’ येते, त्यातला ‘पंच’ आधी कानावर पडतो आणि कागदावर पाचाचा आकडा उमटतो. हा माझा वेंधळेपणा, असे मी बरीच वर्षे समजत होतो. पण याच चुकीपायी एका देशाने संख्यांची नावे बदलली, हे वाचले तेव्हा जरा धीर आला. तो देश म्हणजे नॉर्वे.

नॉर्वेजियन ही मोठी समासप्रिय भाषा. ‘बार्न’ म्हणजे मूल, ‘हागे’ म्हणजे बाग. मध्ये सांध्याला एक ‘ए’ घातला की झाले ‘बार्नेहागे’, बालवाडी. लांबलचक शब्द ओळीच्या शेवटी तोडायचा तर तो या सांध्यावर तोडतात. त्यातला एक नियम मला फार आवडतो. ‘नात्त’ म्हणजे रात्र, ‘तोग’ म्हणजे आगगाडी. रात्रीची गाडी लिहिताना तीन ‘त’ लागोपाठ येतात, म्हणून एक गाळतात. पण शब्द तिथेच तोडावा लागला, तर गाळलेला ‘त’ परत येतो: ‘नात्त-तोग’. विग्रह केला की दोन्ही पदे सबंध हाती आली पाहिजेत!

संख्यांची नावेही अशीच सांधलेली. पंचवीसला पूर्वी म्हणत ‘फेम-ओग-त्यूवे’, पाच-आणि-वीस. ज्या डेन्मार्कशी नॉर्वे १८१४ पर्यंत बांधलेला होता, तिथे आजही हाच क्रम आहे. तोंडी हिशेबात त्याने कुणाचे काही अडले नाही. अडले ते टेलिफोनमुळे. क्रमांक लांबत गेले, दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगितले जाऊ लागले, आणि २५ च्या जागी ५२ फिरवला जाऊ लागला. तार-टेलिफोन खात्याने तक्रार केली, प्रश्न संसदेपर्यंत गेला, आणि १ जुलै १९५१ पासून नवी मोजणी अधिकृत झाली. पंचवीस झाले ‘श्यूए-फेम’, वीस-पाच. मधला ‘आणि’ गेला, उच्चारातले चार अवयव तीनवर आले. शाळांनी आणि नभोवाणीने नवा क्रम उचलला.

आपल्याकडे २०१९ च्या जून महिन्यात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेल. त्या वेळी जोडाक्षरांचे कारण पुढे आले होते, टेलिफोनचे नव्हे. मला मात्र आपली अडचण नॉर्वेपेक्षा बिकट वाटते. त्यांच्या शब्दाचा सांधा उघडा होता. पदे सुटी करून उलट जोडता आली. आपल्या ‘बावीस’मधून ‘दोन’ कसे सोडवणार? ‘त्र्याण्णव’मध्ये तर तीन आणि नव्वद असे एकमेकांत विरघळले आहेत की ओळीच्या शेवटी तो शब्द तोडायचीही छाती होऊ नये.

आणि सांधा उघडा असूनही नॉर्वेत तरी सगळे कुठे सुरळीत झाले? सत्तर वर्षे उलटून गेली, तरी कित्येकांच्या बोलण्यात दोन्ही मोजण्या सुखाने नांदतात. टेलिफोनचा क्रमांक सांगताना वीस-पाच म्हणणारा माणूस, मुलाचे वय विचारले की पाच-आणि-वीस म्हणून मोकळा होतो.