रेवडीपासून गदेपर्यंत

लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते आणि कुस्त्यांची दंगल होते. मराठवाड्यातल्या जत्रांचा फड चढत्या क्रमानं रंगतो. आधी पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस कलताना शेवटची मानाची. इथं वजनकाटा नसतो. दोघं अंगापिंडानं जुळले की पंच जोड लावतात, हलगी कडाडते, इनाम गावच्या वर्गणीतून निघतं.

राज्याच्या कुस्तीला पायऱ्या पुढे पडल्या, पण त्यांचं मूळ मला या फडातच दिसतं. १९५३ साली मामासाहेब मोहोळांनी कुस्तीगीर परिषद उभी केली. १९६१ साली पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली तीही मराठवाड्यात, औरंगाबादला. दिनकर दह्यारी जिंकले. १९६९ ची लातूरला झाली आणि निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार केसरी झाले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं.

आता जिल्ह्याच्या निवड चाचणीत जिंकल्याशिवाय केसरीचा आखाडा दिसत नाही. माती आणि गादी असे दोन विभाग. दोन्हींत ५७ ते ९७ किलोंचे वजनगट, आणि ८६ ते १२५ किलोंचा केसरी गट वेगळा. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी एकमेकांशी भिडतात, चांदीच्या गदेसाठी. ही गदा मोहोळ कुटुंबीय मामासाहेबांच्या स्मरणार्थ देतात. जुनी माती मोडीत न काढता तिला अंतिम फेरीपर्यंत हक्काची वाट ठेवली, हा या रचनेतला सर्वांत शहाणा निर्णय.

पायऱ्यांचाच विषय निघालाय तर, स्पेनच्या फुटबॉलमध्येही २०२१ साली खालच्या पायऱ्या नव्यानं बांधल्या: तिसऱ्या पायरीवर दोन गट, चौथीवर पाच, पाचवीवर प्रांतवार अठरा. तिथं अख्खा क्लब वर चढतो नि खाली उतरतो. कुस्तीत पोरगा एकटा चढतो; त्याच्यामागे असतो तो वस्ताद.

अशी एक वस्तादांची साखळी लातूरची आहे. बिराजदारांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पहिलवान घडवले. त्यांचे शिष्य काका पवार, तेही लातूरचेच, अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले आणि त्यांनी पुण्यात स्वतःची तालीम काढली. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीच्या अंतिम लढतीत मातीतून आलेला लातूरचा शैलेश शेळके आणि गादीवरचा नाशिकचा हर्षवर्धन सदगीर समोरासमोर आले. दोघंही काका पवारांच्याच तालमीतले. सदगीर ३-२ नं जिंकला.

या चढणीची पहिली पायरी जत्रेच्या फडातलीच, म्हणून जत्रांच्या पंचमंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. वर्गणी कमी पडली तर शेवटच्या कुस्तीचं इनाम उतरवा, पण दुपारच्या रेवडीच्या कुस्त्या गाळू नका.