चंद्रावर चाललेला चित्रकार : अ‍ॅलन बीन

अंतराळयुगाच्या आरंभी अवकाशदृश्ये रंगवणाऱ्या कलावंतांना, अगदी चेस्ली बोनस्टेल यांच्यासारख्या श्रेष्ठ चित्रकारालाही, दुर्बिणीतून मिळालेल्या माहितीवर आणि कल्पनाशक्तीवर विसंबावे लागत असे. या परंपरेला प्रत्यक्ष अनुभवाची जोड अमेरिकी अंतराळवीर अ‍ॅलन बीन (१९३२–२०१८) यांनी दिली. नौदलात कसोटी वैमानिक, म्हणजे नव्या विमानांचे गुणदोष उड्डाण करून पारखणारा वैमानिक, म्हणून काम करतानाच त्यांनी रात्रवर्गांत चित्रकलेचे धडे घेतले होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘अपोलो १२’ मोहिमेत ते चंद्रावर पाऊल ठेवणारे चौथे मानव ठरले, तर १९७३ मध्ये ‘स्कायलॅब’ या अंतराळस्थानकावरील दुसऱ्या तुकडीचे नेतृत्व करत त्यांनी अवकाशात ५९ दिवस काढले.

१९८१ मध्ये नासाची सेवा सोडून ते पूर्णवेळ चित्रकार झाले. रंगकामापूर्वी ते फलकावर पोत, म्हणजे पृष्ठभागाचा उंचसखलपणा, निर्माण करत आणि त्यासाठी चंद्रावर वापरलेली हातोडी व चंद्रबुटाच्या तळव्याची प्रतिकृती यांचे ठसे उमटवत; शिवाय अंतराळपोशाखावरील मोहीमचिन्हांचे, चंद्रधूळ लागलेले सूक्ष्म तुकडेही ते चित्रांत मिसळत. मोने या फ्रेंच चित्रकाराविषयी आदर बाळगणाऱ्या बीन यांनी करड्या चंद्रभूमीला जांभळ्या, निळ्या, नारिंगी छटा दिल्या, तरी अवजारे, पोशाख आणि प्रसंग यांच्या तपशिलात तडजोड केली नाही. म्हणूनच त्यांची चित्रे कलाकृती म्हणून जितकी मोलाची, तितकीच चांद्रमोहिमांच्या इतिहासाची अस्सल साधने म्हणूनही महत्त्वाची ठरतात.