वेगळं गायल्याबद्दल खटला

१९८३ सालच्या अखेरीस गेफन रेकॉर्ड्स या अमेरिकन कंपनीने आपल्याच गायकावर दावा ठोकला. मागणी ३३ लाख डॉलरची. गायकाने पैसे बुडवले नव्हते, रेकॉर्डी द्यायलाही टाळाटाळ केली नव्हती. तक्रार एवढीच, की त्याने दिलेल्या रेकॉर्डी खपाऊ नाहीत आणि त्या त्याच्या आधीच्या गाण्यांसारख्या वाटत नाहीत. म्हणजे नील यंग हा नील यंगसारखा गात नाही! आणि काय गायचं ते त्याचं त्याने ठरवावं, हे तर याच कंपनीने करारात कबूल केलेलं होतं.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, संगीत समीक्षक नाही. पण या भांडणाच्या मुळाशी असलेली ‘ट्रान्स’ ही रेकॉर्ड माझ्या कामाच्या इतकी जवळची आहे, की तिच्याबद्दल रॉकच्या जाणकारांनी लिहिलेलं वाचताना माझे हात शिवशिवतात. बुवाचं डोकं फिरलं, क्राफ्टवर्क हा जर्मन इलेक्ट्रॉनिक बँड ऐकून यंत्रांच्या नादी लागला, असाच बहुतेकांचा सूर. क्राफ्टवर्क त्याने ऐकलं होतं, त्यात वाद नाही. पण तेवढ्याने ‘ट्रान्स’ उलगडत नाही.

तेव्हा नील यंग सदतिशीचा होता आणि रॉकच्या हिशेबात मुरलेला गडी होता. १९६६ पासून बफेलो स्प्रिंगफील्ड हा बँड, मग क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅशबरोबरची गाणी, १९७२ ची ‘हार्वेस्ट’. अकूस्टिक गिटार, हार्मोनिका आणि तो उंच, किंचित थरथरणारा आवाज. लोक पैसे मोजत ते या आवाजाचे. १९८२ च्या डिसेंबरात ‘ट्रान्स’ बाजारात आली, तेव्हा नऊपैकी सहा गाण्यांत तो आवाजच गायब! त्या जागी धातूचा घसा असल्यासारखं काहीतरी बोलत होतं. स्वतःचं १९६७ मधलं ‘मिस्टर सोल’ हे गाणंसुद्धा त्याने यंत्राच्या तोंडी दिलं होतं.

यंत्रांचं वारं त्या वर्षांत बऱ्याच जुन्या खोडांना लागलं होतं. पॉल मॅकार्टनीने १९७९ च्या उन्हाळ्यात सोळा ट्रॅकचं मशीन भाड्याने आणून घरच्या घरी, एकट्याने, सिक्वेन्सरशी खेळत ‘मॅकार्टनी टू’ केली. आमच्या रेकॉर्डीत सिंथेसायझर नाही, असं कव्हरवर छापून मिरवणाऱ्या क्वीन या बँडने १९८० मध्ये ते व्रत मोडलं आणि १९८२ मध्ये ‘हॉट स्पेस’ काढून निम्मे चाहते नाराज केले. पण हे लोक नाद बदलत होते. यंगने बोलणंच बदललं, आणि त्यासाठी वापरलं सेनहायझर कंपनीचं व्होकोडर.

व्होकोडर जन्माला आलं ते गाण्यासाठी नव्हेच. अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये होमर डडली यांनी ते बेतलं, टेलिफोनच्या तारेत जागा वाचावी म्हणून. आवाज जसाच्या तसा पाठवायचा नाही. त्याचे वारंवारितेप्रमाणे पट्टे पाडायचे, कुठल्या पट्ट्यात किती जोर आहे एवढंच पाठवायचं आणि पलीकडे आवाज पुन्हा उभा करायचा. दुसऱ्या महायुद्धात याच तत्त्वावर सिगसॅली नावाची गुप्त टेलिफोन यंत्रणा उभी राहिली. एकेका केंद्राचं वजन ५५ टन. लंडनमधलं यंत्र सेल्फ्रिजेस या दुकानाच्या तळघरात ठेवलेलं होतं. वॉशिंग्टन आणि लंडनमधली युद्धाची खलबतं त्यावरून चालत.

वादकांच्या हाती आल्यावर तेच यंत्र चकलीच्या सोऱ्यासारखं झालं: पीठ सिंथेसायझरचं, चकती माणसाच्या तोंडाची. सूर कीबोर्डवर दाबाल तो. शब्दांचा आकार तेवढा तुमचा. स्वर त्यातून बऱ्यापैकी पार होतात. त, स, श, प यांची धार मात्र बोथट होते, कारण ही व्यंजनं म्हणजे क्षणभराचा फुत्कार किंवा स्फोट, आणि पट्ट्यांच्या चाळणीत नेमकं तेच सांडतं. आता माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या मुलांकडे या. सेरेब्रल पाल्सी या मेंदूच्या विकारात जीभ, ओठ आणि श्वास यांचा मेळ बसत नाही. जी मुलं बोलू शकतात, त्यांचीही आधी व्यंजनंच ढासळतात. ‘पाणी’ आणि ‘मामी’ परक्या कानाला एकच. आई मात्र न चुकता पाण्याचा पेला पुढे करते.

शिकाऊ मुलींना मी ‘ट्रान्स’मधलं ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ ऐकवते आणि शब्द उतरवून घ्यायला सांगते. अर्ध्याअधिक जागा कोऱ्या राहतात. दर बॅचमध्ये कुणीतरी म्हणतेच, “मॅडम, स्पीकर गेलाय वाटतं.” मग मी सांगते, की हे गाणं बापाने मुलासाठी केलंय.

तो मुलगा बेन. १९७८ मध्ये जन्मला, नील आणि पेगी यंगचा. सेरेब्रल पाल्सी तीव्र. चारही हातपाय ताठ, आणि बोलणं नाही. थोरला, झीक, आधीच्या नात्यातला. त्यालाही सौम्य प्रमाणात हाच विकार. आणि नीलला स्वतःला १९५१ मध्ये, लहानपणीच, पोलिओ होऊन गेलेला. बेनसाठी या जोडप्याने ‘पॅटर्निंग’ नावाचा उपचार धरला. मूल रांगतं त्या हालचाली त्याच्या हातापायांकडून मोठ्यांनी करवून घ्यायच्या, पुन्हा पुन्हा, दिवसाचे तासन्‌तास, आठवड्याचे सगळे दिवस. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८२ मध्येच बजावलं, की याचा काही खास फायदा दिसत नाही. माझंही मत तेच. पण त्या आईबापांना हसायची माझी प्राज्ञा नाही. आपल्याकडे काय कमी होतं? कुणी मालिशवाला सुचवतं, कुणी देवस्थान, आणि रांगेत उभं राहिलं नाही तर अपराधी वाटतं ते वेगळंच.

१९८१ ची ‘रिअॅक्टर’ ही त्याची रेकॉर्ड याच काळातली. एकच ओळ घोकत राहणारं तिच्यातलं एक लांबलचक गाणं टीकाकारांना आळशीपणा वाटलं. दिवसभर तीच तीच हालचाल मोजणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुसरं काय वाजणार?

‘ट्रान्स’बद्दल यंगने बोलायला पुढे काही वर्षं घेतली. मग सांगितलं ते असं: माझ्या मुलाचं कुणाला कळत नाही, तसंच या रेकॉर्डवरचं माझं कळत नाही, आणि ते तसंच हवं होतं. त्याला या गाण्यांचे व्हिडिओही करायचे होते. त्यात यंत्राच्या आवाजात बोलणारी माणसं एका इस्पितळात काम करत असतात आणि एका लहानग्याला बटण दाबायला शिकवायची त्यांची धडपड चाललेली असते. कंपनीने पैसे दिले नाहीत. ते व्हिडिओ निघाले असते, तर निदान कोडं तरी सुटलं असतं.

बटणाची गोष्ट मला अगदी ओळखीची. आमच्याकडे विकतचे स्विच परवडत नसत, तेव्हा डब्याच्या झाकणाखाली दारावरच्या बेलचं बटण बसवून, तार खेळण्यातल्या बॅटरीला जोडून आम्ही काम भागवलं. झाकण मोठं हवं, कारण हात नेमका पडत नाही. मुलाने कोपर आपटलं, ससा टुणकन उडाला, की मुलगा आधी सशाकडे नाही, आपल्याकडे बघतो: हे मी केलं? बेनलाही घरच्या खेळण्यातल्या आगगाड्या चालवता याव्यात, म्हणून यंगने मोठ्या बटणाचा स्विच करून घेतला. त्या खटपटीतून तो लायनेल या आगगाडीवाल्या कंपनीपर्यंत पोचला आणि १९९५ मध्ये तिचा भागीदारही झाला.

खटल्याचं पुढे फारसं काही झालं नाही. ‘ट्रान्स’नंतर, खटल्याच्या आधी, कंपनीने ‘रॉक अँड रोल’ मागितलं म्हणून यंगने पन्नासच्या दशकातल्या ढंगाची, जेमतेम पंचवीस मिनिटांची ‘एव्हरीबडीज रॉकिन’ हातावर ठेवली. तिनेच कंपनीचं पित्त खवळलं. त्यानेही उलट २ कोटी १० लाख डॉलरचा दावा केला. अखेर तडजोड झाली आणि कंपनीचा संस्थापक डेव्हिड गेफन याने माफी मागितली.

१९८६ मध्ये पेगी यंगने इतर दोघांबरोबर कॅलिफोर्नियात ब्रिज स्कूल सुरू केलं, न बोलणाऱ्या मुलांना चित्रफलक, स्विच आणि यंत्रांच्या मदतीने बोलतं करणारं. त्यासाठी पैसा उभा करणाऱ्या मैफली त्याच वर्षी सुरू झाल्या आणि २०१६ पर्यंत होत राहिल्या. वाद्यं अकूस्टिक, आणि शाळेची मुलं रंगमंचावर मागे, चाकांच्या खुर्च्यांत.

१९९३ मध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’मध्ये यंगने ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ साध्या आवाजात गायलं. शब्द न् शब्द कळतो, चाल किती गोड आहे तेही कळतं, आणि खूप जणांना ते गाणं तेव्हाच आवडलं. मला ते फार सोपं वाटतं. त्यात बाप आपल्या बाजूला, आपल्यासारखाच बोलत उभा आहे. १९८२ मध्ये तो पलीकडे जाऊन मुलाशेजारी उभा होता, आणि कळत नाही म्हणून वैतागायची पाळी ऐकणाऱ्यावर होती.