धांवणाऱ्यांचें शहर यूजीन

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यांत विलामेट नदीच्या कांठीं यूजीन हें शहर वसलें आहे. लांकडाचा धंदा आणि विद्यापीठ ही त्याची जुनी ओळख. पण तिकडे त्याला ‘ट्रॅकटाउन’, म्हणजे धांवपट्टीचें गांव, म्हणतात.

श्रोतेहो, तेथील हेवर्ड फील्ड १९१९ सालीं उभारलें तें वास्तविक फुटबॉलसाठीं! नांव मात्र दिलें धांवपटूंचे शिक्षक बिल हेवर्ड यांचें. पुढें त्या जागेवर आलेले बिल बॉवरमन १९६२ सालीं न्यूझीलंडला गेले असतां आर्थर लिडियार्ड यांनीं त्यांस सहज धांवावयास नेलें. पन्नाशी उलटलेल्या या नामांकित गुरूची वाटेंतच दमछाक झाली, आणि हृदयविकार सोसलेला एक वृद्ध गृहस्थ गप्पा मारीत त्यांची सोबत करीत राहिला! परतल्यावर बॉवरमन यांनीं नागरिकांनाच मैदानावर बोलाविलें. गर्दी इतकी लोटली कीं, कोणास अपाय होईल या भयानें ती आवरावी लागली.

शहराच्या कीर्तीचें खरें मूळ मला येथें दिसतें. स्वतः धांवून दमलेल्यालाच दुसऱ्याच्या शेवटच्या फेरीचें मोल कळतें. असे जाणते प्रेक्षक स्टीव्ह प्रीफाँटेनला लाभले. १९७५ सालीं, अवघ्या २४ व्या वर्षीं, तो मोटार-अपघातांत गेला.

ज्या लांकडी प्रेक्षागारांतून त्याचा जयघोष झाला, तें १९२५ चें. कित्येकांचा विरोध असूनही २०१८ सालीं तें पाडलें. नव्या भव्य मैदानावर २०२२ ची जागतिक स्पर्धा भरली. नीरज चोप्रानें भालाफेकींत रौप्यपदक मिळविलें तें तेथेंच. आणि आपल्या बीड जिल्ह्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतींत अकरावा आला, तोही तेथेंच. जुनीं लांकडी बांकें मात्र तेव्हां तेथें उरलीं नव्हतीं.