तोफेच्या पाठीमागचा ट्रक

कारगिल युद्ध झालं तेव्हा मी जेमतेम दोन वर्षांचा होतो. त्यामुळे माझं कारगिल म्हणजे यूट्यूब. बोफोर्सचा दणका, धूर, कानावर हात ठेवलेले जवान. पण मंडळी, त्या क्लिपमध्ये एक गोष्ट कधीच दिसत नाही... तो गोळा तिथवर आला कसा?

आमच्याकडे छावणीजवळ एक काका राहतात. तोफखान्यात ड्रायव्हर होते, ट्रेनिंग नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला. 1999 च्या उन्हाळ्यात ते द्रासच्या रस्त्यावर दारूगोळ्याच्या फेऱ्या मारत होते. दोन-तीन रविवार त्यांच्याकडे चहा ढोसल्यावर मी सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं. (इंजिनियर माणूस, दुसरं काय करणार!)

हिशोब बघा. बोफोर्सचा 155 मिमीचा एक गोळा साधारण 43 किलोचा. तोफखान्याच्या इतिहासात नेहमी दिला जाणारा आकडा असा, की ऐन धुमश्चक्रीत एकेका बॅटरीने सलग 17 दिवस मिनिटाला सरासरी एकापेक्षा जास्त गोळा डागला. बॅटरी म्हणजे सहा तोफा. मिनिटाला एक धरला तरी दिवसाला 1,440 गोळे, म्हणजे जवळजवळ 62 टन. फौजेतला थ्री टनर त्याच्या नावाप्रमाणे तीन टन घेऊन निघाला, तर एका बोफोर्स बॅटरीला रोज किमान 20-21 ट्रक लागणार. तेही फक्त गोळ्यांसाठी. गोळा फेकणारं बारूद, फ्यूज, खोकी, डिझेल, रेशन हे सगळं वेगळंच. आणि अख्ख्या युद्धात डागलेले गोळे, बॉम्ब आणि रॉकेट मिळून आकडा जातो सुमारे अडीच लाखांवर.

काकांचा ट्रक होता शक्तिमान. मूळ डिझाईन जर्मनीच्या मॅन कंपनीचं, बनायचा जबलपूरच्या कारखान्यात, 1959 पासून. 1996 मध्ये उत्पादन थांबलं, पण आधीच्या गाड्या पळतच होत्या. 'पळत' म्हणजे आपलं म्हणायचं. झोजिला साडेअकरा हजार फुटांवर. तिथे हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच उरते, आणि टर्बो नसलेलं डिझेल इंजिन अशा हवेत पार दमतं. आपण लडाखला बुलेट घेऊन जातो, इंस्टावर फोटो टाकतो. काकांच्या पाठीवर तीन टन स्फोटकं होती.

खरी गंमत (गंमत कसली!) घाट उतरून द्रासकडे निघाल्यावर. तोलोलिंगच्या माथ्यावर शत्रू बसलेला. तिथून श्रीनगर-लेह रस्ता तळहातासारखा दिसायचा आणि दिसली गाडी की त्यांचा तोफखाना सुरू. तोलोलिंग आधी घ्यायचं ठरलं त्याचं एक मोठं कारण हा रस्ताच होता. 13 जूनला ते परत मिळालं. तोवर गाड्या रात्री, हेडलाईट बंद करून.

मी विचारलं, काका, मग दिसायचं काय?

फौजी ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवर, मधल्या फुगीर भागावर, पांढरा गोल रंगवलेला असतो ना, आपण हायवेवर बघतो तो! त्याच्यावर खालून मिणमिणता दिवा. मागच्या ड्रायव्हरने फक्त तो गोल बघत चालवायचं. वरच्याला दिसत नाही, मागच्याला दिसतो. मला आजवर ती शोभेची वस्तू वाटायची.

"आणि पुढचा गेला दरीत तर?" मी.

"तर तू पण," काका म्हणाले. "म्हणून पुढचा कोण आहे ते निघतानाच बघून घ्यायचं बाळा."

बोफोर्स गोळा किती लांब फेकते, हे त्यांना विचारलं तर चटकन सांगता आलं नाही. पण कुठल्या वळणावर कुठला गिअर, हे पंचवीस वर्षांनंतरही हात हलवून दाखवतात. काकूंना ती वळणं पाठ आहेत. मला वाटतं, युद्धाच्या पुस्तकांत अशा माणसांना एखादी ओळ मिळते, आणि तीही 'रसद पोहोचवण्यात आली' अशी कर्मणी प्रयोगात. कर्ता गायब!

4 जुलैला टायगर हिल घेतली. त्या दिवशी सुमारे 9,000 गोळे डागले गेले म्हणतात. काकांना विचारलं, तुम्ही बघितलं का?

नाही. ते तेव्हा रिकामी गाडी घेऊन परत निघाले होते, पुढचा माल भरायला.