दिवाळे काढणे आणि दिवाळे निघणे : ‘बँकरप्ट’ शब्दाचा इतिहास

‘बँकरप्ट’ हा इंग्रजी शब्द मूळचा इटलीच्या बाजारपेठांतला. तिथले सराफ भर चौकात लाकडी बाक मांडून नाणी बदलून देत आणि ठेवी घेत. या बाकाला ‘बांका’ म्हणत. ‘बँक’ हा शब्दही त्यातूनच आला. एखाद्या सराफाने हात वर केले की ‘बांका रोत्ता’, म्हणजे बाक मोडला, असे म्हणत. चिडलेले धनको खरोखरच बाक फोडत, ही कथा आवडीने सांगितली जाते. पण मोडणे इथे लाक्षणिक असणेच अधिक संभवते. मराठीतही पेढी बुडते, ती पाण्यात नव्हे.

सोळाव्या शतकात हा शब्द इंग्लंडला पोहोचला, तेव्हा लॅटिन जाणणाऱ्यांनी ‘रोत्ता’चे ‘रप्ट’ केले. आठव्या हेन्रीच्या काळातील 1542 च्या कायद्यात तो ‘करणे’ या अर्थाच्या क्रियापदासह येतो. उधारीवर माल उचलून पसार होणारा किंवा घरात दडून बसणारा माणूस ‘बँकरप्ट करतो’, अशी ती भाषा होती. मराठी वाचकाला हा फरक चटकन कळेल. ‘दिवाळे निघाले’ म्हणताना माणसाच्या पदरी दुर्दैव येते. ‘दिवाळे काढले’ म्हटले की संशय येतो. इंग्रजी शब्द सुरुवातीला दुसऱ्या अर्थाचा होता.

1571 च्या कायद्याने तो व्यापाऱ्यांपुरता मर्यादित केला. इतर कर्जबाजारी ‘इन्सॉल्व्हंट’ ठरत आणि धनकोच्या मर्जीवर तुरुंगात खितपत पडत. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचे वडील 1824 मध्ये लंडनच्या मार्शलसी तुरुंगात होते ते याच कारणाने. व्यापाऱ्याला मात्र अठराव्या शतकाच्या आरंभी कायद्याने मोठी सवलत मिळाली : सर्व मालमत्ता प्रामाणिकपणे हवाली केली, तर उरलेल्या कर्जातून सुटका. त्याच कायद्याची दुसरी बाजू भयंकर होती. मालमत्ता लपवणाऱ्याला फाशी. जॉन पेरट या कापड व्यापाऱ्याला 1761 मध्ये लंडनच्या स्मिथफील्डला फासावर चढवले गेले. व्यापारी आणि बिगरव्यापारी हा भेद 1861 मध्ये संपला. 1869 मध्ये कर्जासाठी कैदही बहुतांशी बंद झाली.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांसाठी ब्रिटिश संसदेने 1828 आणि 1848 मध्ये कायदे केले, पण त्यांत शब्द वापरला ‘इन्सॉल्व्हंट’. अमेरिकेतील यादवी 1865 मध्ये संपली, तिच्यामुळे चढलेले कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंदसारखे मातब्बर व्यापारीही कर्जात बुडाले, तेव्हा मुंबईतले असे अनेक व्यवहार निस्तरावे लागले. कचेरीच्या मराठीत ‘इन्सॉल्व्हंट’साठी ‘नादार’ हा फारसी शब्द रुळला. शाळेत गरीब मुलाला मिळणारी फीमाफी ती ‘नादारी’ही याच शब्दाची.

आजच्या वापरात देशागणिक फरक आहे. अमेरिकेत माणूस आणि कंपनी दोघेही बँकरप्ट होऊ शकतात. इंग्लंडमध्ये ही संज्ञा व्यक्तींसाठी राखलेली आहे. कंपनी अवसायनात (लिक्विडेशनमध्ये) जाते. भारताच्या 2016 च्या दिवाळखोरीविषयक संहितेच्या नावात ‘इन्सॉल्व्हन्सी’ आणि ‘बँकरप्सी’ हे दोन्ही शब्द आहेत. पैसे फेडता न येण्याची स्थिती ती इन्सॉल्व्हन्सी. बँकरप्सी हा व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांबाबतचा न्यायाधिकरणाच्या आदेशाने ठरणारा दर्जा. त्यामुळे एखादी कंपनी ‘बँकरप्ट’ झाल्याची बातमी भारतात छापली जाते, तेव्हा कायद्याच्या भाषेत बहुधा ती नादारीच्या प्रक्रियेत किंवा अवसायनात गेलेली असते.